साडेबाराचा डबा

मला अश्विनीचा राग यायचा तो तिच्या डब्यामुळे.

राहुरीजवळच्या एका रोपवाटिकेत आम्ही बाराजणी आंब्याची कलमं बांधतो. काम जोडीनं चालतं. एकीनं खुंटाला, म्हणजे गावठी रोपाला, चीर द्यायची, दुसरीनं त्यात काडी बसवून प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. अश्विनी माझी जोडीदारीण. वय सव्वीस, माहेर पारनेरच्या बाजूचं, तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात लग्न होऊन आलेली. मी त्रेचाळीसची. नाव जयमाला, पण सगळ्या मला ताईच म्हणतात.

दुपारी साडेबाराला आम्ही करंजाच्या झाडाखाली गोल करून जेवायला बसतो. हिची मेथी तिच्या भाकरीवर, तिचा ठेचा हिच्या वरणात. अश्विनी त्या गोलात कधीच बसली नाही, कारण तिचा डबा तिचा नवरा घेऊन यायचा. रोज! ओंकारचं स्टँडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान. साडेबाराच्या ठोक्याला त्याची गाडी फाटकातून आत यायची. मग शेडनेटच्या कडेला सिमेंटच्या बाकावर दोघं बसायची. तो तिला भाकरी मोडून द्यायचा, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचा. तिनं हात धुतल्याशिवाय जायचा नाही. मी माझी गार भाकरी चावत त्या बाकाकडे बघायची, आणि घास तोंडात फिरायचा.

आमच्या घरची तऱ्हा सांगते. आमचे हे, रंभाजीराव, यांना चार गाई आणि एक बायको. गाय शिंकली तरी डॉक्टरला फोन. मला मागं टायफॉइड झाला तेव्हा दारातूनच म्हणाले, "गोळी खाल्ली का?" आणि वैरण टाकायला गेले. एकदा मी लाडात येऊन म्हणाले, "उद्या माझा डबा घेऊन या की रोपवाटिकेत." तर म्हणाले, "का? पाय मोडले का तुझे?"

आणि अश्विनीला दर तासाला फोन. दहाला, अकराला, परत तीनला, चारला. तोही साधा नाही, व्हिडिओ. "कुठंय? कोन हाय संगं? जरा कॅमेरा फिरव." अश्विनी मोबाईल फिरवायची आणि आम्ही बायका स्कार्फ नीट करत हसायचो. मी तर एकदा नाकात नवी चमकी घालून गेले होते. खोटं कशाला बोलू?

"नशीब लागतं बाई," ज्योती म्हणायची.

"तीन वर्सं झाली तरी नवाईच हाय," रुपाली म्हणायची.

मी पट्टी अशी आवळायची की काडीच मोडायची. वर अश्विनीचा स्वभाव असला की फोन आला की हिच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून नाही. मला वाटायचं, माजली आहे. एवढं मिळतंय आणि तोंड बघा.

तरी ती माझ्याकडे एक गोष्ट मागायची. दर मंगळवारी अकराचा फोन झाला की हळूच म्हणायची, "ताई, तुमच्या फोनवरनं आईला लावू का? दोनच मिंटं." तिच्या मोबाईलवर कोणाचा फोन आला, कोणाला गेला, हे सगळं ओंकारच्या मोबाईलवर दिसायचं. तिनं आईशी बोललेलं त्याला चालायचं नाही. आई कान भरते म्हणायचा. मी मोबाईल द्यायची, पण मनातून नाक मुरडून. असला नवरा असून हिला परत आई कशाला पाहिजे? माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. अश्विनी कोकोपीटच्या गोण्यांमागे वाकून बोलायची, आणि परत येताना डोळे पुसायची.

श्रावणातला तो मंगळवार होता. ओंकार डब्याबरोबर हिरवी साडी घेऊन आला. बाकावर बसून त्यानं ती तिच्या खांद्यावर लावून बघितली. सगळ्या बायका जेवण सोडून बघायला गेल्या. मी माझी भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. आदल्याच दिवशी मी यांना म्हणाले होते, पंचमीला बांगड्या तरी भरू का? तर म्हणाले, "आहेत की हातात."

अश्विनी हात धुवायला नळावर गेली. मी ओंकारजवळ गेले. पुढचं मी मुद्दाम केलं, चुकून तोंडातून गेलं असं नाही. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्या दोघांचं एकदा भांडण व्हावं. एक दिवस, फक्त एक दिवस तो डबा येऊ नये.

"तुमची अश्विनी लई गुनाची बघा, ओंकारभाऊ," मी म्हणाले. "फकस्त आईची लई सय येती तिला. दर मंगळवारी माझ्या फोनवरनं बोलती. तिच्या फोनला रेंज न्हाई का?"

तो हसला. "बरं झालं सांगितलंत ताई," म्हणाला. "तुमचा नंबर द्या की."

मी नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. अश्विनीही आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला जोडीदारीण नव्हती म्हणून मालकानं मला पिशव्या भरायला बसवलं. आधी बरं वाटलं. मग वाटलं, दोघं कुठं फिरायला गेली असतील, शिर्डीला नाहीतर आणखी कुठं, आणि परत माझं डोकं फिरलं.

चौथ्या दिवशी ती आली. मी तिला नीट निरखून बघितलं. गाल, हात, मान. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. हिरवी साडी नेसली होती. वरून आम्ही सगळ्या घालतो तसा नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, तिचा निळा. बोलली मात्र काही नाही. मंगळवार परत आला तरी माझा फोन मागितला नाही.

आणि त्याच दिवसापासून दहाचा फोन मला यायला लागला.

"ताई, जेवलात का?" ओंकार म्हणाला.

सकाळी दहाला कोण जेवतं? पण सांगते, मला गुदगुल्या झाल्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा प्रश्न मला कोणी फोन करून विचारला नव्हता. मी स्पीकर लावला, म्हणजे बाकीच्यांनाही ऐकू जावं. "न्हाई ओंकारभाऊ, अजून टाइम हाय," मी लाडानं म्हणाले. ज्योतीनं भुवया उडवल्या. अश्विनी मान खाली घालून खुंटाला चीर देत होती. मला वाटलं, जळू दे आता तिलाही थोडं.

अकराला परत. "अश्विनी हाय ना शेजारी? कोनाशी बोलली आज?" दुसऱ्या दिवशी, "जरा कॅमेरा फिरवा ताई. ते मागं कोन हाय, पांढऱ्या शर्टातलं?" तो पाण्याचा टँकरवाला होता, साठीचा. मी हसत सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी दहाच्या आधीच मोबाईल काढून पिशव्यांवर ठेवला, म्हणजे लगेच उचलता यावा. चौथ्या दिवशी वाजायच्या आधीच माझे कान तिकडे लागले. पट्टी दोनदा सुटली.

पाचव्या दिवशी अकराला मी संडासला गेले होते. मोबाईल शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीवर. परत आले तर सहा मिस कॉल. मी लावेपर्यंत फाटकातून त्याची गाडी आत आली. अजून साडेबारा व्हायला सव्वा तास होता. तो उतरला, हसला. तो नेहमी हसूनच बोलायचा.

"ताई, फोन उचलला न्हाई तुमी. काळजी वाटली."

"संडासला गेल्ते," मी म्हणाले.

"एवढा येळ?"

"खरंच ओ. आईशप्पथ. विचारा हिला."

तो माझ्याकडे बघत राहिला, हसतच. मग अश्विनीकडे बघितलं, शेडनेटच्या आत एक चक्कर मारली आणि गेला. मी तिथंच उभी राहिले. मी, त्रेचाळीस वर्षांची बाई, सासूला कधी भिऊन उत्तर दिलं नाही, मालकाशी भांडून पाण्याची टाकी बसवून घेतली. आणि मी अठ्ठावीस वर्षांच्या पोराला मेलेल्या आईची शपथ घेऊन काय सांगत होते, तर संडासला गेले होते! मला इतका संताप आला, इतका संताप आला, आणि त्याच्याखाली भीती होती.

त्या दुपारी मला भाकरी गिळवली नाही. समोर बाकावर तो तिला घास मोडून देत होता. मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं, त्याच्या हाताकडे नाही. ती चावत होती, गिळत होती, आणि तिची नजर जमिनीवरून हलत नव्हती. एकदा चुकून आमच्या गोलाकडे बघितलं, तर तो काहीतरी पुटपुटला आणि ती परत खाली बघायला लागली.

तो गेल्यावर मी पट्टी बाजूला ठेवली. "अश्विनी, खरं सांग. मारतो का तुला?"

"न्हाई ताई." ती लगेच म्हणाली. "कदीच न्हाई. बोटसुदिक लावलं न्हाई."

"मग?"

"मग काय? मार असता तर कोनाला सांगता तरी आलं असतं." तिनं काडी हातात घेतली, तिचं टोक पाचरीसारखं तासायला लागली. मान वर न करता बोलत गेली. "त्या मंगळवारी घरी गेले तर त्यांनी माझा फोन घेतला, आईला लावला, स्पीकर सुरू केला आन समोर खुर्ची घेऊन बसले. म्हनाले, आईला सांग, आजपासनं तू मला मेलीस. मी सांगितलं. म्हनाले, आवाज बारीक आला, परत सांग. तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा आई म्हनाली, 'बरं बाई, सुखात ऱ्हा.' मग त्यांनी च्या केला आन मला दिला. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. मी समोर उभी ऱ्हायले तरी बाजूनं जायाचे, जशी मी नाहीच. तिसऱ्या दिवशी बोलले तर मला एवढं बरं वाटलं ताई, मी रडले."

काडी तिच्या हातात तासून तासून संपत आली होती. मी ती काढून घेतली.

"मला दुसरं काय नको," ती म्हणाली. "आईला एकदा समोर जाऊन सांगायचंय, मी म्हनाले ते खोटं हुतं. तिला बीपी हाय. ती तशीच गेली म्हंजे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे मी केलं. तोंड उघडलंही. पण नुसती पुढची पट्टी दातानं तोडली.

संध्याकाळी मी अंगणवाडीच्या सुमनबाईंकडे गेले. तीस वर्षं गावच्या लेकीसुनांची वजनं घेतलेली बाई. सगळं ऐकून घेतलं. मी म्हणाले, "पन बाई, मारत तर न्हाई. डबा आनतो, साड्या आनतो. ह्याला छळ म्हनायचं का?"

"तुला पाच दिवस फोन आले," सुमनबाई म्हणाल्या. "तू काय म्हनशील त्याला?"

मी मांडीवरचा मोबाईल उलटा करून ठेवला.

"आमच्या ट्रेनिंगमधी सांगितलंय, कायद्यात नुसता मार धरत न्हाईत. माणसं तोडनं, पाळत ठेवनं, कोंडनं, घालूनपाडून बोलनं, तिच्या कमाईला हात लावू न देनं, मनाविरुद्ध जवळ घेनं, समदं धरत्यात. संरक्षण अधिकारी म्हनून असतात, त्यांच्याकडं तक्रार लिहून घेत्यात. पन जयमाले, आपन ठरवायचं न्हाई. तिला काय पायजे ते तिला विचार."

"तिला आई पायजे," मी म्हणाले.

पुढचं सगळं ठरलं ते बोलूनच, कलमं बांधता बांधता, खालच्या आवाजात. ती बोलायची एकट्या माझ्याशीच, त्यामुळे तिच्या बाजूनं सगळं मीच सुमनबाईंना कळवायची. गुरुवारी सकाळी ओंकारनं तिला नऊला फाटकात सोडलं. सव्वानऊला ती मागच्या बाजूच्या कालव्याच्या रस्त्यानं सुमनबाईंच्या रिक्षात बसली. आधी अधिकारीबाईंकडे जाऊन तक्रार द्यायची, मग तिथून पारनेरच्या बाजूला, आईकडे. मोबाईल तिनं माझ्याकडे दिला. निळा शर्ट आणि स्कार्फ ज्योतीला दिला. ज्योतीला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. सगळं म्हणजे माझा भाग सोडून.

निघताना अश्विनीनं माझा हात धरला. तिचे डोळे चमकत होते. आणि काय सांगू, त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला. हिला जाऊन सांगायला आई तरी आहे, असं मनात आलं. माझा स्वभावच तसला. मी तिचा हात सोडवून म्हणाले, "जा आता, येळ करू नको."

दहाला फोन आला. मी व्हिडिओ सुरू केला, कॅमेरा फिरवला. ज्योती पाठमोरी, निळ्या शर्टात, स्कार्फ गुंडाळून खुंट छाटत होती. "हाय की हितंच," मी म्हणाले. "आज लई काम हाय भाऊ, मालक ओरडतोय." अकराला परत तेच. माझा आवाज कापत होता, पण मालकाच्या भीतीनं कापतोय असं त्याला वाटलं असावं. "ताई, तुमी हाय म्हनून मला घोर न्हाई," तो म्हणाला.

साडेबाराला तो डबा घेऊन आला. बाकावर ठेवला, आत आला आणि निळ्या शर्टाला म्हणाला, "चल." ज्योतीनं स्कार्फ काढला.

तो एकदम हसायचा थांबला. मी त्याला तसं पहिल्यांदाच बघितलं.

"कुठंय?"

"तिच्या आईकडं," मी म्हणाले. "तक्रार देऊन गेलीय. तिथल्या पोलीस पाटलालाबी सांगून ठिवलंय. तिथं जाऊन तमाशा करू नका."

त्यानं खिशातून मोबाईल काढून तिला लावला. तिचा मोबाईल माझ्या शर्टाच्या खिशात वाजायला लागला. मी काढून त्याच्या हातात दिला.

"तक्रार? कशाची तक्रार?" आता सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "मी कदी हात उचलला का तिच्यावर? सांगा. रोज भाकरी घेऊन येतो मी. तुमी बघता ना?"

रुपालीनं मान हलवली, म्हणजे खरंच आहे, हात उचललेला नाही. दोन महिन्यांपूर्वी मीही तशीच हलवली असती.

"न्हाई उचलला," मी म्हणाले. "म्यां आठ-दहा दिवस तुमचा फोन घेतला ओंकारभाऊ. नुसता फोन. तेवढ्यात मला भाकर गिळंना झाली. तिला तीन वर्सं झाली."

तो माझ्याजवळ आला. मोठ्यानं नाही, सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच बोलला. "आन मला सांगितलं कोनी? आईला फोन करती म्हनून? तुमीच ना? गोड बोलून तुमीच आला हुता बाकापाशी. आता लई कळवळा आलाय?"

ज्योतीनं माझ्याकडे बघितलं. मग रुपालीनं. मग सगळ्यांनी. पळायला जागा नव्हती, आणि असती तरी पळून उपयोग नव्हता.

"व्हय," मी म्हणाले. "मीच सांगितलं. मला जळत हुतं. तिचा डबा बघून जळत हुतं."

तो डबा उचलून गेला. बायका करंजाखाली गोल करून बसल्या. मला कोणी हाक मारली नाही. मीही गेले नाही. ज्योतीनं निळा शर्ट घडी करून माझ्यासमोर ठेवला.

सहाच्या सुमारास मी गोठ्यापाशी उभी होते, तेव्हा तिच्या आईच्या नंबरवरून फोन आला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं, दोघींचं. मग अश्विनी बोलली. "सांगितलं ताई. दारातच सांगितलं. आई म्हनली, मला तवाच कळलं हुतं, तुझा आवाज तसला नव्हता." आणि हसली. ती हसते कशी हे मला माहीतच नव्हतं.

मी गाईच्या खुंट्याला टेकले. "अश्विनी, एक सांगायचंय. त्यांना फोनचं कोनी सांगितलं, ते."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं. जयमालाताई आपल्या बाजूच्या हायेत, म्हनले."

"मग तरीबी तू माझ्याशीच बोललीस? समदं मलाच सांगितलंस?"

राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या कोनाशी बोलू देत नव्हते ताई," ती म्हणाली. "तुमी तेवढ्या ठिवल्या हुत्या त्यांनी मला."